खुब्यातलं सिमेंट किती वर्षं धरतं?

पत्र

ताई, मी मंगळवार पेठेत राहते, वय 72. शाळेत 33 वर्षं शिकवलं, आता निवृत्त. तीन वर्षांपासून उजवा पाय धरलाय. आधी जांघेत दुखायचं, मला वाटलं आतडं उतरलं. मग गुडघ्यात दुखायला लागलं, म्हणून गुडघ्याला तेलं चोळली. शेवटी एक्स-रे काढला तर खुबा झिजलेला. आता पायाची नखं काढता येत नाहीत, रात्री कुशीवर वळलं की जाग येते. पूर्वी रंकाळ्यावर फिरायला जायची, आता भाजीला जाताना मध्ये दोन ठिकाणी बसते.

डॉक्टर म्हणाले, खुबा बदलू, सिमेंटचा बसवू. मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो सिमेंट जुनं झालं, बिनसिमेंटचा घे, पैशाचं बघू नको. त्याने मोबाइलवर काहीतरी पाठवलं, त्यात 25 वर्षांनी शंभरातले 58च टिकतात असं होतं. शेजारच्या वहिनी म्हणतात, "सिमेंट दहा वर्षात सुटतंय, मग परत फाडायला लागतंय." माझ्या जाऊबाई मोरीत पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि सात महिन्यांत गेल्या. 82व्या वर्षी पुन्हा टेबलावर झोपायची माझी तयारी नाही. मग आहे तसंच रेटू का? आणि केलंच तर जोतिबाला जाता येईल का, देवापुढे मांडी घालता येईल का? वॉकर आधीच आणून ठेवू का?

उत्तर

बाई,

काकू-मावशी न म्हणता बाईच म्हणते. कोल्हापुरात तुमच्या पिढीच्या शिक्षिकेला दुसरी हाक नाही. तुमच्या पत्रात मुलाचं, वहिनींचं, डॉक्टरांचं अशी सगळ्यांची मतं आहेत आणि तुमचं स्वतःचं वाक्य एकच: 82व्या वर्षी पुन्हा टेबलावर झोपायची तयारी नाही. खरा प्रश्न तोच, आणि त्याचं उत्तर तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा पुष्कळ बरं आहे.

आधी माझी जागा सांगते. मी सर्जन नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. सर्जन टाके काढतात, सहा आठवड्यांनी बघतात, वर्षाने बघतात. माझ्याकडे बायका पंधरा-वीस वर्षांनी भलत्याच कारणाने येतात. खांदा आखडलेला असतो, कंबर धरलेली असते. टेबलावर चढताना सहज म्हणतात, "अगं, हा खुबा बदललेला आहे बरं का." तोवर मला चालीवरून ओळखू आलेलं नसतं. अर्थात, ज्यांचा खुबा बिघडला त्या माझ्याकडे कशाला येतील, त्या सर्जनकडे जातात. म्हणून माझ्या अनुभवाला आकड्यांचा आधार लागतो. तो पुढे देते.

निम्मा गोंधळ 'सिमेंट' या शब्दाने केलाय. सिमेंट म्हटलं की आपल्याला पावसाळ्यात पोपडे सुटलेली भिंत आठवते, आणि दहा वर्षांनी प्लॅस्टर पडणार हे गृहीतच असतं. हाडाचं सिमेंट म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट नावाचं ऍक्रिलिक. घरात कुणाची कवळी असेल तर तिचा गुलाबी भाग बघा, जात तीच. ते आलंही दातांच्या दुनियेतूनच. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांना मँचेस्टरच्या दंतवैद्यक शाळेतल्या डेनिस स्मिथ या रसायनतज्ज्ञाने हा पदार्थ सुचवला. चार्नलींचे सुरुवातीचे खुबे फसले हे खरं आहे, पण सिमेंटमुळे नाही. त्यांनी वाटीसाठी, म्हणजे खुब्याचा गोळा जिच्यात फिरतो तिच्यासाठी, टेफ्लॉन वापरलं होतं, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं ते, आणि ते काही वर्षांत झिजून गेलं. नोव्हेंबर 1962 पासून त्यांनी वाटीला पॉलिइथिलीन नावाचं कठीण प्लॅस्टिक वापरायला सुरुवात केली. त्यांच्या काळात वापरलेलं सिमेंट थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. मुलगा 'जुनं' म्हणतो ते खरंच आहे. साठ वर्षं लोकांच्या अंगात राहून तपासलं गेलंय, असाही त्याचा अर्थ होतो.

शिकत असताना मला एकदा ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहू दिलं होतं. चाळीस ग्रॅम पांढरी भुकटी आणि काचेच्या कुपीतलं पाणी दिसणारं द्रव्य एकत्र केलं आणि खोलीभर नेलपॉलिशसारखा उग्र वास सुटला. नर्स घड्याळाकडे बघून मिनिटं मोठ्याने सांगत होती. आधी ते पातळ, मग कणकेसारखं, मग हाताला न चिकटणारं. मांडीच्या हाडाची आतली पोकळी धुऊन पुसून कोरडी केलेली, तिच्यात ते दाबून भरलं, त्यात नव्या खुब्याचा धातूचा दांडा हळूहळू सरकवला आणि सगळे गप्प उभे राहिले. सर्जनने थोडंसं बाजूला गोळी करून ठेवलं होतं. ते आधी कोमट झालं, मग चांगलं तापलं, आणि दहा-बारा मिनिटांनी टेबलावर आपटलं तर खडा वाजावा तसं वाजलं. तेवढ्यात काम झालं. म्हणूनच सिमेंटच्या खुब्यावर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून वजन टाकता येतं.

आणि हे चिकटवत नाही, डिंक नव्हे. हाडाच्या आतल्या जाळीत शिरून दांडा आणि हाड यांच्यातली फट भरतं, इतकंच. बिनसिमेंटच्या खुब्यात दांड्याचा पृष्ठभाग खरबरीत असतो. तो हाडात घट्ट ठोकून बसवतात, आणि पुढच्या काही महिन्यांत हाड त्याला धरून वाढतं. पन्नाशीतल्या माणसाचं हाड भरीव असतं, ठोका सोसतं आणि वाढतंही. तिथे तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे, अशांना बहुतेक सर्जन बिनसिमेंटचाच बसवतात. पण पाळी जाऊन वीस-पंचवीस वर्षं झालेल्या बाईचं हाड आतून पोकळ आणि सालीला पातळ झालेलं असतं. जुन्या कळकात पाचर ठोकून बघा, उभी चीर जाते. ही चीर कधी टेबलावरच पडते, कधी पुढच्या काही आठवड्यांत एखाद्या साध्या ठेचेने. स्वीडन 1979 पासून, नॉर्वे 1987 पासून आणि इंग्लंड-वेल्स 2003 पासून बदललेल्या खुब्यांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. या नोंदींतून वयस्कर बायकांबद्दल हेच पुन्हा पुन्हा दिसतं: सुरुवातीच्या काळात दांड्याभोवतीचं हाड मोडण्याचं प्रमाण बिनसिमेंटमध्ये जास्त. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला काही जुनंपानं, स्वस्तातलं गळ्यात मारलेलं नाही. तुमचं वय आणि हाड बघूनच ते बोललेत. सिमेंटचा खुबा साधारणपणे स्वस्त पडतो, आणि आपल्याकडे स्वस्त म्हटलं की लगेच संशय येतो, ही वेगळीच अडचण.

आता मुलाने पाठवलेला 58. तो आकडा खोटा नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2019 साली ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून तो आला: 15 वर्षांनी शंभरातले 89 खुबे जागेवर, 20 वर्षांनी 70, 25 वर्षांनी 58. पण त्यात चाळिशीतला शेतकरीही आहे आणि ऐंशीची आजीही, आणि 25 वर्षांचा हिशेब लावायचा म्हणजे खुबे 25 वर्षांपूर्वीचे, तेव्हाच्या प्लॅस्टिकचे. सगळ्या शाळेचा एकत्र निकाल दाखवून तुमच्या वर्गात किती नापास, हे कुणी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतंत का? तुमच्या वर्गाचा निकाल त्याच नियतकालिकात 2017 साली ब्रिटनमधल्या नोंदींवरून आला होता. सत्तरीनंतर खुबा बदललेल्यांना उरलेल्या सगळ्या आयुष्यात तो खुबा पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास. पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांना तीच शक्यता शंभरात तीसच्या घरात, आणि त्याच वयाच्या बायकांना त्याहून बरीच कमी.

थोडं कडू सांगते, तुम्ही वाईट वाटून घेणार नाही म्हणून. बाकीच्या 95 जणींना दुसरं ऑपरेशन लागत नाही याचं एक कारण असं की खुब्याआधी आपणच निघतो. पण तेवढंच कारण नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1969 ते 1971 या काळात चार्नली पद्धतीने, सिमेंट लावून बसवलेल्या 2000 खुब्यांचा 25 वर्षं पाठपुरावा केला. शंभरातले सुमारे 81 खुबे 25 वर्षांनीही न बदलता जागेवर होते, आणि तेही त्या काळचं प्लॅस्टिक, त्या काळची सिमेंट भरायची पद्धत. जितक्या मोठ्या वयात बसवलेला, तितका तो सुटण्याचा धोका कमी. आणि पुरुषांचे खुबे सैल होण्याचं प्रमाण बायकांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. वहिनींना हे जरूर सांगा. दहा वर्षांत सुटतं हे त्यांनी कुणाचं तरी बघितलं असेल, खोटं बोलत नसतील. पण एकीचं सुटलं ते गल्लीभर कळतं. दहाजणींचं सुटलं नाही ते कोण कुणाला सांगायला जातंय?

जाऊबाईंचं दुःख मोठं आहे, आणि तुमच्या भीतीचं मूळ मला तिथेच दिसतं. तरी त्यांचं आणि तुमचं ऑपरेशन एकाच अवयवाचं असलं तरी एक नव्हे. खुबा मोडलेलं माणूस आधीच खचलेलं असतं. पडलं तेच मुळी बऱ्याचदा चक्कर, दम, अशक्तपणा, अंधुक नजर यांमुळे. ब्रिटनमध्ये खुबा मोडलेल्या साठीपुढच्या 1225 जणांचा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना सिमेंटचा अर्धखुबा (फक्त गोळा बदलतात, वाटी मूळचीच) बसवला, अर्ध्यांना बिनसिमेंटचा. वर्षभरात दोन्ही गटांतले साधारण पाव लोक गेले, सिमेंटवाल्यांत थोडे कमीच. दांड्याभोवतीचं हाड मोडण्याचं प्रमाण सिमेंटमध्ये 0.5 टक्के, बिनसिमेंटमध्ये 2.1 टक्के. तुमचं ऑपरेशन मात्र ठरवून, तपासण्या करून, साखर-बीपी ताब्यात आणून होणार. अशा ऑपरेशननंतर पहिल्या 90 दिवसांतले मृत्यू इंग्लंड-वेल्समध्ये 2011 पर्यंत हजारी तीनच्या आसपास उतरले होते. जाऊबाईंचा आणि तुमचा हिशेब एका पाटीवर मांडू नका.

आता सिमेंटची खोड, कारण फक्त गुण सांगितले तर तुम्ही मला विक्रेती समजाल. सिमेंट दाबून भरताना हाडातली चरबी, हवा रक्तात जाऊन काही मिनिटं बीपी आणि ऑक्सिजन खाली येऊ शकतं. बहुतेकींना ते सौम्य असतं, क्वचित गंभीर होतं. हृदय किंवा फुप्फुस कमजोर असेल तर जास्त. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांशी ऑपरेशनच्या आधी स्वतः बोला. पायऱ्या चढताना दम लागतो का, पाय सुजतात का, सगळं सांगा. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी मुलाकडे न देता स्वतः घेऊन जा. सर्जनची निवड करताना आपण दहा जणांना विचारतो, आणि भूल देणाऱ्याचं नावही कुणाला माहीत नसतं.

दुसरी खोड वर्षांनी दिसते. सिमेंटने बसवलेल्या खुब्यात सैल होते ती जास्त करून वाटी, दांडा कमी वेळा. तुम्ही मुलांना 'उखळीचा सांधा' शिकवला असेल, त्यातली उखळ. उखळीच्या प्लॅस्टिकचे बारीक कण झिजून आजूबाजूचं हाड कुरतडत जातात. 2000 सालाच्या सुमारास जास्त चिवट केलेलं प्लॅस्टिक आलं, त्याची झीज पुष्कळ कमी आहे. काही सर्जन वाटी बिनसिमेंटची आणि दांडा सिमेंटचा असा मेळ घालतात. हाडं बघून तोही उत्तम पर्याय असतो. मुलाला हे सांगितलंत तर त्यालाही आपलं निम्मं ऐकल्याचं समाधान. आणि हेही ठाऊक असू द्या की शंभरातल्या सात-आठ जणींना तरी ऑपरेशननंतरही कुठेतरी दुखत राहतं. दुखण्याचं मूळ कंबरेत असेल तर खुबा बदलून ते जाणार नाही. सर्जनला स्पष्ट विचारा: माझं किती दुखणं खुब्याचं, किती कंबरेचं?

माझ्या आईचं सांगते, त्यात माझीच चूक आहे. तिचा डावा खुबा 2003 साली सिमेंटने बदलला, तेव्हा ती 69 वर्षांची. तेरा वर्षं त्या खुब्याने काही मागितलं नाही. गौरीच्या वेळी ती चार-चार तास ओट्याशी उभी असायची. 2016 साली पहाटे उठून मोरीत गेली, फरशी ओली, पायात सपाता. पडली आणि दांड्याच्या टोकाखाली मांडीचं हाड मोडलं. सर्जनने पहिला प्रश्न विचारला: आत कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा दांडा आहे? मी गप्प. फाइल मी खालच्या कपाटात ठेवली होती आणि 2005 च्या पुरात तिचा लगदा झाला होता. जिथे ऑपरेशन झालं होतं तिथल्या नोंदीही मिळाल्या नाहीत. रोज पेशंटना कागद जपायला सांगणारी मी, आणि आईचाच कागद नाही. दांडा हाडात घट्ट होता, म्हणून पट्टी आणि तारा लावून भागलं. सैल असता तर माहिती नसताना काढणं फार कटकटीचं झालं असतं. पुढे ती काठी घेऊन चालली, 88व्या वर्षी गेली, खुबा शेवटपर्यंत तोच.

म्हणून सांगते: खुब्याच्या प्रत्येक भागाच्या डब्यात छोटे चिकट कागद येतात, त्यावर कंपनी, माप, बॅच नंबर असतो. ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा. त्याचा फोटो तुमच्या, मुलाच्या आणि आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. आपल्या गावात 2019 आणि 2021 ला पंचगंगेने किती घरांच्या फाइली नेल्या, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि यातूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मिळतं. तुमच्या वयाला खुब्याला खरा धोका पडण्याचा असतो. सिमेंटची काळजी मनातून काढा आणि मोरीची करा. खाली रबरी जाळी, भिंतीला हाताने धरायला दांडी, रात्रभर एक बारीक दिवा. दारातलं पायपुसणं उचलून टाका. मागून मोकळी कोल्हापुरी चप्पल हा आपला अभिमान खरा, पण पहिले तीन महिने ती कोनाड्यात राहू दे. टाचेला पट्टा असलेलं, न घसरणारं काहीतरी घ्या. मोतीबिंदू पिकला असेल तर तोही करून घ्या. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी ऑपरेशनच्या निमित्ताने होऊन जाऊ दे. हाडं ठिसूळ निघाली तर त्याचं औषध वेगळं असतं, नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागत नाही.

रेटू का, असं विचारलंत. खुबा झिजल्यामुळे जीव जात नाही, त्यामुळे घाई कुणी करू नये. पण रात्री कुशीवर वळताना जाग येते आणि भाजीला जाताना दोनदा बसावं लागतं, म्हणजे तुम्ही तीन वर्षं रेटलेलंच आहे. जितकं कमी चालाल तितकी मांडी आणि कुल्ला सुकतो, आणि ज्या बायका अगदीच जेरीला आल्यावर ऑपरेशनला जातात त्यांची चाल नंतरही मागेच राहते. शिवाय 72व्या वर्षी रोजची दुखण्याची गोळी पोटाला, किडनीला, बीपीला परवडत नाही. मधल्या काळात कुणी खुबा ओढून बसवतो म्हणालं तर हात लावू देऊ नका. तिथे निसटलेलं काही नाही, झिजलेलं आहे. आणि काठी डाव्या हातात धरा. दुखतो तो उजवा खुबा, म्हणून काठी डावीकडे. दहातल्या आठ जणी उलटी धरतात, आणि सरळ केली की त्याच दिवशी फरक सांगतात.

पैशाचं थोडक्यात. गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली. ती बातमी गुडघ्याची होती, खुब्याचं बिल त्या हिशेबाने धरू नका. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेचं वयवंदना कार्ड ऑक्टोबर 2024 पासून मिळतं, उत्पन्नाची अट नाही. तुमचं ऑपरेशन त्यात किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुठे आणि कसं बसतं, हे सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या कुठल्याही हॉस्पिटलात आरोग्यमित्राला गाठून आधीच विचारा. ऍडमिट झाल्यावर विचारलं की धावपळ होते.

जोतिबाला जाल. डोंगरावर गाडी जाते, पायऱ्यांना काठी आणि कठडा. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. पहिले सहा महिने नको, आणि चैत्र यात्रेच्या रेट्यात तर कधीच नको. तिथे धडधाकट माणूस गुलालात घसरतं. मांडीचं मात्र मन मोठं करून ऐका. पहिले तीन महिने मांडी, उकिडवं बसणं, पाट, विळी, खालचं शौचालय, सगळं बंद. खुब्यात काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी. नाहीतर गोळा उखळीतून निसटतो, आणि निसटण्याचा सगळ्यात मोठा धोका याच काळात असतो. तीन महिन्यांनंतर काही सर्जन मांडीला परवानगी देतात, काही देत नाहीत. कुठल्या बाजूने उघडून बसवलाय त्यावर ते बरंच अवलंबून असतं. मला विचाराल तर देव्हारा खुर्चीच्या उंचीला घ्या. माझ्या एका पेशंटने देव्हारा वर घेतला तेव्हा सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांचे स्वतःचे गुडघे गेले आणि त्याच खुर्चीवर बसून पूजा करायला लागल्या.

पुढे वर्षाने एक एक्स-रे, मग सर्जन सांगतील तसा दर काही वर्षांनी, काही दुखत नसलं तरी. वाटी सैल व्हायला लागते तेव्हा आधी बराच काळ दुखत नाही, एक्स-रेत दिसतं. बसून उठल्यावर पहिल्या चार पावलांना जांघेत किंवा मांडीत कळ यायला लागली, पाय आखूड वाटला, जखमेच्या जागी कधीही पाणी आलं किंवा ताप आला तर त्याच आठवड्यात दाखवा. लघवीची जळजळ, पायाची चिघळलेली जखम अंगावर काढू नका, तिथला जंतू रक्तातून खुब्यापर्यंत जाऊ शकतो.

वॉकर आधीच आणा, हो. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे घरात चालवून बघा, म्हणजे दारं किती अरुंद आहेत ते कळेल. उंची अशी: सरळ उभ्या राहा, हात खाली सोडा, वॉकरच्या मुठी मनगटाच्या रेषेला आल्या पाहिजेत. आणि वॉकर घेऊन स्वयंपाकघरातून मोरीकडे जाताना मध्ये उंबरा लागतो का, तेवढं बघून ठेवा. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत तो लागतोच. लागला तर मुलाला म्हणावं, बिनसिमेंटच्या खुब्याचे जे जास्तीचे पैसे देणार होतास त्यातून आधी गवंडी बोलाव.